रुमालावरची ओळख : घरगुती कापडावरील भरतकामाची परंपरा

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातले येलदरी हे गाव उर्वरित महाराष्ट्राला माहीत आहे ते पूर्णा नदीवरील धरणामुळे. १९६८ साली पूर्ण झालेल्या या धरणाने मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्याला सिंचनाचे पाणी दिले आणि पायथ्याशी असलेल्या साडेबावीस मेगावॉट क्षमतेच्या केंद्रातून वीजही दिली. मात्र जिंतूर तालुका आणि शेजारचा हिंगोली जिल्हा या परिसराची आणखी एक ओळख आहे. येथे बंजारा समाजाचे तांडे आहेत आणि या समाजातील स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या जपलेले भरतकाम देशातील लक्षणीय वस्त्रकलांमध्ये गणले जाते. या भरतकामातील आकाराने लहान, पण अतिशय बोलका प्रकार म्हणजे रुमाल.

येथे रुमाल म्हणजे खिशात ठेवायचा हातरुमाल नव्हे. ताट झाकण्यासाठी, नैवेद्य वा भेटवस्तू नेण्यासाठी, चहाच्या ट्रेवर अंथरण्यासाठी वापरले जाणारे चौकोनी कापड म्हणजे रुमाल. इंग्लंड-अमेरिकेत ज्याला 'टी टॉवेल' म्हणतात, त्याचा हा आपल्याकडचा जवळचा नातेवाईक म्हणता येईल. हे कापड घरातले सर्वांत साधे. तरीही ज्या स्त्रीला भिंतीवर चित्र लावण्याची वा कागदावर नाव लिहिण्याची संधी मिळाली नाही, तिने आपली आवड, आपले कौशल्य आणि कधी कधी आपले नावही याच कापडावर उमटवले.

एक शब्द, अनेक उपयोग

'रुमाल' हा शब्द फारसीतून मराठीत आला. 'रू' म्हणजे चेहरा आणि 'माल' म्हणजे पुसणारा, अशी त्याची फोड केली जाते. मराठीत मात्र या शब्दाने चेहरा पुसण्यापलीकडची अनेक कामे अंगावर घेतली. डोक्याला बांधायच्या वस्त्रालाही रुमाल म्हटले गेले. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदपत्रे चौकोनी कापडात बांधून ठेवली जात. त्या गाठोड्यालाही रुमाल असेच नाव पडले आणि इतिहास संशोधक आजही अमुक क्रमांकाच्या रुमालातील कागद असा उल्लेख करतात. राज्यकारभाराचे कागद असोत की दिवाळीचा फराळ, मोलाची वस्तू उघडी न ठेवता कापडात झाकून वा बांधून द्यायची, ही रीत त्यामागे दिसते.

स्वयंपाकघरात याच कापडाची साधी भावंडे आहेत. ज्वारीच्या गरम भाकरी दुरडीत ठेवताना खाली-वर घातले जाणारे फडके वाफ शोषून घेते आणि भाकरी ओलसर होऊ देत नाही. चक्का बांधायचे, ताक गाळायचे, ओटा पुसायचे फडके वेगवेगळे असते. जुन्या सुती साडीचा वा धोतराचा मऊ झालेला तुकडा यासाठी उत्तम मानला जातो. फडके हे केवळ कामाचे; त्यावर कोणी नक्षी काढत नाही. त्याच कापडाला काठ दुमडून टीप घातली, कोपऱ्यात चार फुले भरली, की त्याचा रुमाल होतो आणि तो पाहुण्यांसमोर येतो. फडके आणि रुमाल यांतला फरक कापडाचा नसून त्यावर खर्च झालेल्या वेळेचा असतो.

फराळाचे ताट आणि चहाचा ट्रे

मराठी घरांत भरतकामाचा रुमाल दिसण्याचे हमखास ठिकाण म्हणजे दिवाळीत शेजारी जाणारे फराळाचे ताट. करंजी, चकली, लाडू, चिवडा यांनी भरलेले ताट उघडे नेले जात नाही. घरातला त्यातल्या त्यात चांगला रुमाल त्यावर घातला जातो. ताट रिकामे परत करायचे नाही, हाही संकेत आहे. निदान चार दाणे साखर तरी त्यात ठेवली जाते. या देवघेवीत फराळाची चव जशी घरोघर पोहोचे, तशीच रुमालावरची नक्षीही पोहोचत असे. एखाद्या घरातली मोराची जोडी पुढच्या वर्षी चाळीतल्या आणखी तीन घरांतल्या रुमालांवर दिसावी, यात नवल नव्हते. नमुन्यांची पुस्तके दुर्मीळ असण्याच्या काळात नक्षीचा प्रसार असा हातोहात होत असे.

चैत्रातील हळदीकुंकू, देवापुढचा नैवेद्य, लग्नातील देण्याघेण्याची ताटे या प्रसंगीही रुमाल लागतो. मात्र याच रुमालाची दुसरी, काहीशी कठोर बाजू कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात दिसे. मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येई, ट्रेवर भरतकाम केलेले कापड असे आणि 'हे तिनेच भरले आहे' हे आवर्जून सांगितले जाई. स्वतःच्या हौसेने केलेले काम अशा वेळी परीक्षेची उत्तरपत्रिका बनत असे. त्यामुळे भरतकामाकडे केवळ हौस म्हणून पाहणे जसे अपुरे आहे, तसेच केवळ लादलेले काम म्हणून पाहणेही अपुरे आहे. अनेकींनी ते सक्तीने शिकले. शिकल्यावर मात्र त्यात स्वतःचे रंग भरले.

रुखवतापासून शाळेपर्यंत

या कामाचे सर्वांत मोठे प्रदर्शन म्हणजे लग्नातील रुखवत. वधूपक्षाकडून मांडल्या जाणाऱ्या रुखवतात खाद्यपदार्थांबरोबर हस्तकलेच्या वस्तूंनाही स्थान मिळाले. भरतकाम केलेले अभ्रे, क्रोशाने विणलेले टेबलक्लॉथ, काठाला मणी ओवलेली दुधाच्या भांड्यावरची जाळी, 'स्वागतम्' अशी अक्षरे भरलेली चौकट आणि अर्थातच रुमालांचा संच, असा हा थाट असे. काही वस्तू आई, मावशी, आत्या आणि मैत्रिणी मिळून करत. आज अनेक शहरांत रुखवत तयार विकत वा भाड्याने मिळते. त्यामुळे मांडणी अधिक झगमगीत झाली. त्यामागचा अनेक महिन्यांचा हात मात्र दिसेनासा झाला.

भरतकाम घराबाहेर शिकवले जाऊ लागले त्याला स्त्रीशिक्षणाच्या चळवळीची पार्श्वभूमी आहे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने शिवणकाम व हस्तव्यवसायाचे शिक्षण हा स्त्रियांच्या, विशेषतः विधवा आणि गरजू स्त्रियांच्या, स्वावलंबनाचा मार्ग मानला. पुढे मुलींच्या शाळांत शिवण-भरतकामाचा तास रूढ झाला. धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, देठटाका, काजटाका, गाठीचा टाका, गहूटाका, फुलीटाका अशा टाक्यांचे नमुने एका कापडावर वा वहीत क्रमाने करून दाखवावे लागत. मॅटीच्या कापडावर धागे मोजून फुलीटाका घालणे हा अनेकींचा पहिला धडा ठरला.

नक्षी उतरवण्याची पद्धतही घरगुती होती. पातळ कागदावर चित्र काढून त्याच्या रेषांवर सुईने भोके पाडायची, तो कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने त्यावर फिरवायची. भोकांतून निळे ठिपके कापडावर उमटत आणि त्यांवरून टाका चालत असे. असा एक कागद वर्षानुवर्षे वापरला जाई आणि मैत्रिणींमध्ये फिरत असे. कोयरी, कमळ, तुळशीवृंदावन, राघू-मैना, हंस, द्राक्षांचा घोस ही चित्रे पुन्हा पुन्हा दिसण्याचे हे एक कारण होय. चित्र एकच असले, तरी राघूला हिरव्याऐवजी जांभळा रंग द्यायचा की नाही, हे मात्र भरणारीच ठरवत असे.

तांड्यावरचा रुमाल

बंजारा रुमालाची रीत याहून वेगळी आहे. बंजारा हा मुळात मालवाहतूक करणारा भटका समाज. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हे तांडे देशभर फिरत. मोगल फौजांच्या दख्खन मोहिमांत धान्यपुरवठ्याचे काम त्यांनी केल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली आणि हा व्यवसाय मोडला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांवर जो शिक्का मारला, त्याची झळ बंजारांनाही बसली. १९५२ साली हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त ठरल्या. ज्यांचे घरच चालते होते, त्यांच्या संपत्तीत भिंती वा कपाटे नव्हती. पिशव्या, झोळ्या, बैलांच्या झुली, पोशाख आणि रुमाल एवढेच होते. साहजिकच सारी कलाकुसर कापडावर एकवटली.

बंजारा रुमालासाठी जाड सुती कापड घेतले जाते. गडद लाल वा निळा हे त्याचे पारंपरिक रंग. अनेकदा कापडाचे एकाहून अधिक पदर एकत्र शिवले जातात, त्यामुळे रुमाल हाताला जड व टिकाऊ लागतो. त्यावर चौकोन, त्रिकोण, तिरपे पट्टे आणि मध्यभागी वर्तुळ वा चौकट अशी भौमितिक रचना असते. ही नक्षी बहुधा कागदावरून उतरवलेली नसते. कापडाचे धागे मोजत, नजरेच्या अंदाजाने ती वाढत जाते. आरसे, शिसे व काचेचे मणी, नाणी आणि विशेषतः कवड्या यांनी कडा व कोपरे सजवले जातात. कवडी एकेकाळी चलन होती, हे लक्षात घेतले की व्यापारी तांड्याच्या वस्त्रावर तिला मानाचे स्थान का मिळाले हे समजते. विवाह व पूजेच्या प्रसंगी अर्पण करायच्या वस्तू झाकण्यासाठी असा रुमाल वापरला जातो. पाण्याच्या घागरीखाली ठेवायची चुंबळही याच पद्धतीने कवड्या लावून सजवली जाते.

कर्नाटकात याच समाजाला लंबाणी म्हणतात. तेथील संडूरच्या भरतकामात किलन, वेले, माकी, कान्स, रेलो, नाकरा अशी टाक्यांची चौदा नावे सांगितली जातात. भाषा गोरबोली, लिपी नाही. तरीही टाक्यांचे हे ज्ञान आईकडून मुलीकडे तोंडी आणि हातांनीच पोहोचले. दोन स्त्रियांचे रुमाल एका धाटणीचे असले तरी एकसारखे नसतात. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग बसवायचा आणि कवड्या किती ओळींत लावायच्या, हा निर्णय करणारीचा असतो.

विलायतेतील 'टी टॉवेल'

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात चिनी मातीच्या नाजूक कपबश्या श्रीमंत घरांत आल्या. त्या पुसण्यासाठी भरड कापड चालत नसे, म्हणून मऊ लिननचे फडके वापरात आले. चहाची किटली गरम राहावी म्हणून ते वर झाकले जाई, पावाच्या टोपलीतही घातले जाई. हे कापड पाहुण्यांसमोर येत असल्यामुळे घरातील स्त्रिया त्यावर भरतकाम करू लागल्या. विसाव्या शतकात छापील टी टॉवेलने त्याची जागा घेतली. सहलीची ठिकाणे, राजघराण्यातील विवाह, पाककृती यांची चित्रे असलेले हे टॉवेल आठवण म्हणून विकले जाऊ लागले आणि अनेकांनी ते वापरण्याऐवजी भिंतीवर लावले.

अमेरिकेत मंदीच्या काळात पिठाच्या सुती पोत्यांतून असे रुमाल बेतले गेले. आठवड्याच्या सात वारांसाठी सात रुमाल आणि प्रत्येकावर त्या दिवसाचे घरकाम, अशी एक लोकप्रिय पद्धत होती. सोमवारी धुणे, मंगळवारी इस्त्री, अशा क्रमाने संपूर्ण आठवडा कापडावर भरला जाई.

कापडाचा असा तुकडा निषेधाचे साधनही झाला आहे. १९१२ सालच्या मार्चमध्ये मताधिकारासाठी आंदोलन करणाऱ्या ब्रिटिश स्त्रिया लंडनच्या हॉलोवे तुरुंगात होत्या. त्यांनी एका रुमालावर आपल्या सह्या सुईने भरल्या. ६६ सह्या आणि दोन आद्याक्षरे असलेला हा रुमाल आज ससेक्स परगण्यातील एका संग्रहालयात आहे. ज्यांच्या मताला कायद्याने किंमत नव्हती, त्यांनी नाव नोंदवण्यासाठी निवडलेली जागा ही होती.

भारतातही एका कापडाची कथा प्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला. त्यासाठी महात्मा गांधींनी स्वतः कातलेल्या सुतापासून क्रोशाने विणलेले एक कापड भेट पाठवले. त्यावर 'जय हिंद' ही अक्षरे होती. स्वातंत्र्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी राजघराण्याला गेलेल्या भेटीत ना सोने होते ना रत्ने. सूत होते आणि दोन शब्द होते.

हिमाचलातील चंबा रुमालाचा उल्लेखही येथे आवश्यक आहे. भेटीची ताटे झाकण्यासाठीच तो केला जाई आणि त्याचा दुहेरी टाका असा, की नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसे.

नाव कोणाचे?

या कलेपुढचा आजचा प्रश्न श्रेयाचा आणि मोबदल्याचा आहे. जुन्या बंजारा वस्त्रांना देश-विदेशातील संग्राहकांकडून मागणी असते. जुने घागरे, झोळ्या आणि रुमाल कापून त्यांच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे बनवले जातात व पर्यटनाच्या बाजारपेठांत विकले जातात. वस्तूवर 'बंजारा' हे नाव असते. ती कोणत्या तांड्यावर, कोणी केली हे मात्र बहुधा कोठेच नसते. संग्रहालयांतील नोंदींतही पुष्कळदा प्रदेश आणि अंदाजे काळ एवढीच माहिती मिळते. मराठवाड्यातील अनेक बंजारा कुटुंबे ऊसतोडीसाठी वर्षातील काही महिने स्थलांतर करतात. कोयता हाती असताना सुईला वेळ मिळत नाही आणि आईने न केलेले काम मुलीला शिकता येत नाही.

संघटित प्रयत्न झाल्यास काय घडू शकते, याचे उदाहरण शेजारी आहे. संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० गटाच्या सांस्कृतिक बैठकीच्या वेळी लंबाणी भरतकामाच्या १७५५ वस्तूंचे प्रदर्शन मांडले गेले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. साडेचारशेहून अधिक स्त्रियांनी त्यासाठी काम केले होते. महाराष्ट्रात सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक निर्देशांक आहे. म्हणजे मागावर विणलेल्या टॉवेलला कायद्याने ओळख मिळू शकते, हे राज्याने पाहिले आहे.

घरगुती भरतकामाची अडचण अशी, की ते व्यवसायाच्या व्याख्येत सहज बसत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिंपी आहे, भरतकाम स्वतंत्रपणे नाही. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांमार्फत कारागिरांना 'पहचान' हे ओळखपत्र दिले जाते. परंतु आयुष्यभर रुमाल भरूनही जी स्वतःला कारागीर म्हणवत नाही, ती असा अर्ज करण्याची शक्यता कमीच.

काही जमेच्या बाजूही आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, तेथे वस्त्रशास्त्राचे शिक्षण दिले जाते. ज्यांचे नाव या विद्यापीठाला २०१३ साली दिले गेले, ते माजी मुख्यमंत्री बंजारा समाजातूनच आले होते. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. येलदरीपासून ही दोन्ही ठिकाणे फार लांब नाहीत. तांड्यावरच्या रुमालाची नोंद करणीच्या नावासह करण्याचे काम अशा संस्थांच्या आवाक्यातील आहे.

जुने रुमाल जपताना

संग्रहालयापर्यंत न जाणारे हजारो रुमाल घराघरांतील ट्रंकांत आहेत. ते टिकवण्यासाठी फार खर्च लागत नाही. जुना रुमाल धुण्याआधी पांढऱ्या ओल्या फडक्याने एका कोपऱ्यात रंग जातो का ते पाहावे. लाल आणि निळा रंग हमखास फसवतो. रंग जात नसेल तर गार पाण्यात सौम्य साबणाने हलके धुवावे, पिळू नये, सावलीत सपाट वाळवावे. आरसे, मणी वा कवड्या असलेले काम यंत्रात घालू नये. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घेऊन करावी.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी टाळावी, कारण आत ओल कोंडून बुरशी येते. धुतलेल्या मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवावे. घडी घातल्यास दर काही महिन्यांनी तिची रेघ बदलावी. एकाच रेघेवर कापड विरते. शक्य असल्यास घडीऐवजी गुंडाळी करावी. डांबराच्या गोळ्या थेट कापडाला लागू देऊ नयेत.

यांहून महत्त्वाची गोष्ट आहे नोंदीची. पांढऱ्या सुती कापडाच्या छोट्या पट्टीवर पक्क्या शाईने रुमाल करणारीचे नाव, गाव वा तांडा, अंदाजे वर्ष आणि कोणत्या निमित्ताने तो केला, एवढे लिहून ती पट्टी मागच्या बाजूला चार टाक्यांनी लावावी. रुमालाचे छायाचित्र काढून त्यासोबतही हीच माहिती ठेवावी. टाक्यांची नावे, नमुना कोणाकडून मिळाला, दोरा कोठून आणला, हे तपशील घरातील ज्येष्ठ स्त्रियांनाच ठाऊक असतात. ते विचारून लिहून घेण्यास एक दुपार पुरते. सांगणारी व्यक्ती गेल्यावर मात्र रुमालाकडे पाहून यातले काहीही कळू शकत नाही.